यकृताच्या पुढे गाडी जात नाही: जैवतंत्रज्ञान विभागाच्या सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
जैवतंत्रज्ञान विभाग, विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्रालय,
नवी दिल्ली

विषय : सिकलसेलचा जनुकोपचार अस्थिमज्जेपर्यंत नेणाऱ्या नॅनोकणांच्या संशोधनाबाबत

महोदय,

हे पत्र मराठीत आहे. आपल्या कार्यालयात मराठी वाचणारी माणसं असतील याची मला खात्री आहे. शिवाय हे पत्र जितकं आपल्याला आहे तितकंच विदर्भातल्या फार्मसी कॉलेजांतल्या माझ्या सहकाऱ्यांना आणि ज्यांच्या घरात सिकलसेलचं, म्हणजे मज्जेत तयार होणाऱ्या लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, कार्ड आहे त्या कुटुंबांनाही आहे. भाषांतराचं काम आपल्याकडे सोपवतो.

मी नागपूरला फार्मास्युटिक्स शिकवतो, २२ वर्षं झाली. गेल्या वर्षी एम. फार्म.च्या वर्गात पॅटिसिरान शिकवत होतो. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध म्हणजे स्निग्ध रेणूंच्या नॅनोकणात बसवलेला आरएनएचा छोटा तुकडा. दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं. कण यकृताच्या पेशीत शिरतो आणि तो तुकडा ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनाचा निरोपच कापून टाकतो. अशा जातीचं हे जगातलं पहिलं मान्यताप्राप्त औषध, त्यामुळे शिकवताना मास्तरांचा आवाज जरा चढतोच. मागच्या बाकावर एटापल्ली तालुक्यातली एक मुलगी बसते. ती स्वतः एसएस आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलसेलचं जनुक आलेली. रोज हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचं औषध घेते, आणि वर्षातून दोन-तीनदा क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका, आला की आठवडाभर वर्गात दिसत नाही. तिनं हात वर केला.

"सर, हे लिव्हरमध्ये जातं ते कळलं. मज्जेत नेणारं कोण बनवतंय?"

"फिलाडेल्फियात काम चालू आहे," मी म्हणालो.

"आणि आपल्याकडे?"

मी तास संपवला. घंटा व्हायला अजून दहा मिनिटं होती.

त्या दहा मिनिटांची भरपाई म्हणून हे पत्र.

जनुकोपचार म्हटलं की सगळं कौतुक मालाचं होतं: जनुक कापणारं क्रिस्पर, त्यातलं एक अक्षर बदलणारा बेस एडिटर, प्रथिनाचा निरोप नेणारा एमआरएनए. माल वाहून नेणाऱ्या गाडीकडे फारसं कुणी बघत नाही. आणि अडतं ते तिथेच. आरएनए उघडा रक्तात सोडला तर काही मिनिटांत त्याचा चुरा होतो, कारण त्याला तोडणारी विकरं रक्तात टपूनच बसलेली असतात. वर त्याच्यावर ऋण भार आणि पेशीच्या आवरणावरही ऋण भार, म्हणजे दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात फिलिप फेल्गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धन भाराचे स्निग्ध रेणू वापरून डीएनए पेशींत घालून दाखवला. काचेच्या बशीत ते झकास चाललं. जिवंत शरीरात मात्र कायमचा धन भार झोंबतो: पेशी दुखावतात, रक्तातली प्रथिनं कणाला चिकटतात, प्रतिकारयंत्रणा खवळते.

त्यावरचा तोडगा शोधायला पुढची दोन दशकं गेली. स्निग्ध रेणू असा हवा की आम्लात धन भार घेईल आणि रक्तात आला की तो भार टाकून देईल. व्हँकूव्हरमधल्या पीटर कलिस यांच्या गटाचं आणि त्यातून निघालेल्या कंपन्यांचं नाव या कामात सगळ्यात आधी घ्यावं लागतं. कण बनतो तो असा: स्निग्ध पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, आरएनए सामू ४ च्या आसपासच्या बफरमध्ये, आणि दोन्ही धारा बारीक नळीत वेगाने एकत्र आणायच्या. क्षणार्धात कण जमतो आणि आरएनए आत अडकतो. मग अल्कोहोल काढून टाकायचं आणि सामू रक्ताइतका आणायचा. घटक फक्त चार. भार बदलणारा स्निग्ध पदार्थ, कोलेस्टेरॉल, एक फॉस्फोलिपिड आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून किंचितसं पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल). पॅटिसिरानमध्ये त्यांचं प्रमाण रेणूंच्या संख्येत ५०, ३८.५, १० आणि १.५ असं आहे. वाचायला हे साबुदाण्याच्या खिचडीइतकं सोपं वाटतं. पण धारांचा वेग थोडा बदलला की कण ८० नॅनोमीटरचा न होता २०० चा होतो, आणि मग तो यकृतातल्या चाळणीतून पार होत नाही.

पेशीच्या आत पोहोचल्यावरचा प्रकार आणखी जिवावरचा आहे. पेशी कणाला आत घेते ती एका पिशवीत, एंडोसोममध्ये. त्या पिशवीबाहेर पडता आलं तर काम होतं, नाहीतर पिशवी पुढे जाऊन फुटक्यातुटक्या मालाच्या कचराकुंडीला मिळते. गडचिरोलीत पावसाळ्यात आरोग्याचं काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. गाडी आलापल्लीपर्यंत येते, पुढे भामरागडच्या वेशीशी पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलेलं असतं, आणि औषधांचे खोके गाडीतच राहतात. कागदोपत्री माल पोहोचलेला असतो. २०१३ मध्ये याच प्रकारच्या कणांवर एक मोजणी झाली होती. पेशीत शिरलेल्या आरएनएपैकी पिशवीतून सुटून कामाच्या जागी पोहोचला तो जेमतेम १ ते २ टक्के. बाकी सगळा पुलाच्या अलीकडे. इथेच त्या भार बदलणाऱ्या रेणूचं खरं काम सुरू होतं. पिशवी आतून आम्लधर्मी होत जाते तसा तो पुन्हा धन भार घेतो, पिशवीच्या पापुद्र्यातल्या ऋण भाराच्या रेणूंशी जोडी जमवतो, आणि पापुद्रा फाटतो. हे दोन टक्के चार करणारा रेणू ज्याला सापडेल तो औषधाचा डोस अर्ध्यावर आणेल.

आणि यकृतच का? कण रक्तात गेला की अपोलिपोप्रोटीन ई नावाचं रक्तातलं प्रथिन त्याच्यावर बसतं. यकृताच्या पेशी त्याच खुणेवर चरबीचे कण उचलतात, म्हणून त्या आपला कणही उचलतात. म्हणजे यकृताचा पत्ता आपण लिहिलेला नाही, तो शरीरानंच परस्पर चिकटवला. यकृताचे आजार असणाऱ्यांच्या दृष्टीनं हे भाग्य. ज्यांचा आजार मज्जेत, फुप्फुसात, स्नायूत किंवा मेंदूत आहे त्यांनी थांबायचं.

फिलाडेल्फियाचं नाव वर्गात घेतलं ते उगाच नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा दगावला. त्याला युरिया चक्राचा, म्हणजे यकृतानं अमोनिया बाहेर काढण्याच्या प्रक्रियेचा, जन्मजात आजार होता. दुरुस्त जनुक यकृतात न्यायला एक निरुपद्रवी केलेला विषाणू वापरला होता. शरीरानं त्या विषाणूवर इतका जोराचा हल्ला चढवला की टोचल्यापासून चार दिवसांत सगळं संपलं. जनुकोपचाराचं क्षेत्र त्यानंतर कित्येक वर्षं मान वर काढू शकलं नाही. त्याच विद्यापीठात २००५ मध्ये कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी आरएनएमधलं एक अक्षर किंचित बदलून तो प्रतिकारयंत्रणेच्या नजरेतून निसटेल असा केला. त्याचं नोबेल २०२३ मध्ये मिळालं. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये, त्याच शहरात, युरिया चक्राच्याच दुसऱ्या एका आजारानं ग्रस्त असलेल्या सात महिन्यांच्या आतल्या बाळाला एक औषध दिलं गेलं. ते फक्त त्याच्यासाठी बनवलेलं होतं, आणि निदानापासून सुमारे सहा महिन्यांत. त्याच्या जनुकातलं नेमकं एक अक्षर दुरुस्त करणारा एडिटर स्निग्ध नॅनोकणात बसवून यकृतात पाठवला होता. डोस एकदा देऊन थांबले नाहीत, तीनदा दिला. विषाणूच्या गाडीनं हे जमलं नसतं, कारण पहिल्या खेपेनंतर शरीर त्या विषाणूला ओळखू लागतं.

एकच शहर, एकाच घराण्यातला आजार, मधे २५ वर्षं. बदललं काय? माल बदलला हे खरंच आहे. पण मुख्य म्हणजे गाडी बदलली.

आता आपल्याकडे या. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्याचं उद्दिष्ट. तपासणीच्या कामाला मी नावं ठेवणार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाटात आशाताई आणि लॅब टेक्निशियन ते काम पायी फिरून करतात. शिबिरात सांगतात, पत्रिका नंतर जुळवा, आधी कार्डं जुळवा. हा सल्ला जन्माला यायच्या मुलांसाठी झाला. जी जन्मलेली आहेत, जी मागच्या बाकावर बसून माझा तास ऐकतात, त्यांच्यासाठी काय, तर हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी प्या, थंडीत फिरू नका.

आणि आता बिरसा १०१. नोव्हेंबर २०२५ मध्ये सीएसआयआरच्या दिल्लीतल्या आयजीआयबी संस्थेनं विकसित केलेला सिकलसेलवरचा देशी क्रिस्पर उपचार जाहीर झाला, आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं गेलं. ही बातमी वाचून मी वर्गात पेढे वाटले होते, हे आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचून कुणी मला रडतोंड्या म्हणणार नाही. ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य केलेल्या कॅसजेव्ही या उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. त्यापुढे देशी पर्याय उभा राहणं ही मोठी गोष्ट आहे. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभं राहिलेलं रक्ताच्या कर्करोगावरचं नेक्सकार१९ ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झालं आणि परदेशातला तीन-चार कोटींचा उपचार चाळीसेक लाखांवर आला, तसंच इथेही होऊ शकतं.

पण या पद्धतीचा उपचार होतो कसा, हे भगवान बिरसांचं नाव ज्या लोकांसाठी घेतलं त्यांच्या नजरेतून बघा. रुग्णाच्या मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात उतरवायच्या, यंत्रानं गाळून घ्यायच्या आणि प्रयोगशाळेत दुरुस्त करायच्या. दरम्यान बुसल्फानसारखं केमोथेरपीचं औषध देऊन शरीरातली जुनी मज्जा जाळून काढायची, आणि मग दुरुस्त पेशी परत भरायच्या. नवी मज्जा धरेपर्यंत कित्येक आठवडे जंतुविरहित खोलीत राहायचं. केस जातात ते परत येतात. मूल होण्याची क्षमता मात्र कायमची जाऊ शकते. एटापल्लीची एकवीस वर्षांची मुलगी आणि तिची आई यांना हे कोणत्या शब्दांत सांगायचं ते मला ठाऊक नाही. आणि त्या खोल्या आहेत कुठे? मुंबई, दिल्ली, वेल्लोरसारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत. गावाहून नागपूरला रक्त तपासायला यायचं म्हटलं तरी एसटीचा अख्खा दिवस आणि एक मजुरी जाते.

हाच एडिटर सलाइनमधून देता आला, कण स्वतः मज्जेतली मूळ पेशी शोधून आत शिरला, तर जिल्हा रुग्णालय पुरेल. केमो नको, महागडी खोली नको. ही माझी मनोराज्यं नाहीत. जुलै २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात फिलाडेल्फियाच्याच शास्त्रज्ञांनी, त्यात वाइसमनही होते, असे कण दाखवले. कणाच्या अंगावर सीडी११७ ही मूळ पेशीवरची खूण ओळखणारं प्रतिपिंड चिकटवलेलं होतं. उंदरांमध्ये ते मज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत गेले, आणि सिकलसेलच्या रुग्णांकडून घेतलेल्या पेशींत प्रयोगशाळेत त्यांनी दुरुस्तीही करून दाखवली. टेक्सासमध्ये डॅनियल सीगवार्ट यांच्या गटानं २०२० मध्ये आणखी सोपा मार्ग दाखवला होता. नेहमीच्या चार घटकांत पाचवा घालायचा. तो कायम धन भाराचा असेल तर कण फुप्फुसाकडे वळतो, ऋण भाराचा असेल तर प्लीहेकडे. उंदीर आणि माणूस यांच्यात मोठं अंतर आहे हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगतो. मज्जेत हजारो पेशींमागे एखादी मूळ पेशी असते आणि यकृत वाटेतच अर्धाअधिक माल उतरवून घेतं. दहा वर्षं लागतील, कदाचित जास्त. म्हणूनच आज सुरू करायला हवं, कारण २०४७ ला फार वेळ उरलेला नाही.

इथे मला माझ्याच बिरादरीवर थोडं बोलायचं आहे. भारतात नॅनोकणांची वानवा नाही. कोणत्याही फार्मसी कॉलेजच्या ग्रंथालयात जा, एम. फार्म.चे निम्मे प्रबंध नॅनोवर असतात, आणि त्यातले निम्मे हळदीवर. कर्क्युमिनचे नॅनोकण आम्ही इतके केले आहेत की एव्हाना हळदीनंच आमच्याविरुद्ध तक्रार करायला हवी. का? हळद स्वस्त आहे, पिवळी आहे म्हणून मोजता येते, रोटाव्हॅप आणि सोनिकेटर कॉलेजात असतो, आणि शोधनिबंध छापून येतो. आरएनएचा कण करायचा तर भार बदलणारा स्निग्ध पदार्थ परदेशातून मिलिग्रॅमच्या भावात येतो, एमआरएनए कुरिअरनं ड्राय आइसमध्ये येतो, आणि कस्टममध्ये चार दिवस अडकला की पाणी होऊन येतो. माझ्या प्रयोगशाळेत एकदा असंच झालं. खोकं उघडलं तेव्हा बर्फ नव्हता. दोन वर्षं जुळवलेला निधी त्या खोक्यात होता. त्यानंतर मीही एका विद्यार्थ्याला हळदच दिली.

आपल्या औषध उद्योगाला गोळ्यांची सवय आहे, हीदेखील एक अडचण. गोळीचं सूत्र कळलं की आपला रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेनं तोच रेणू बनवतो. मार्च २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला सोराफेनिब या कर्करोगावरच्या पेटंट औषधाचा सक्तीचा परवाना मिळाला आणि महिन्याचा २.८ लाखांचा खर्च ८,८०० रुपयांवर आला, तो त्याच बळावर. कणाच्या बाबतीत कायद्यानं उद्या परवाना दिला तरी हातात काय येणार? चार घटकांची नावं जगजाहीर आहेत. धारांचा वेग, शुद्धता, गाळण्याची पद्धत, एका बॅचसारखी दुसरी कशी करायची, हे पेटंटच्या कागदात पूर्ण लिहिलेलं नसतं. ते हातात असतं, माणसांच्या. केपटाऊनच्या आफ्रिजेननं जागतिक आरोग्य संघटनेच्या केंद्रात २०२२ च्या सुरुवातीला मॉडर्नाची कोविडवरची एमआरएनए लस कंपनीच्या मदतीशिवाय प्रयोगशाळेच्या प्रमाणात बनवून दाखवली. एका छोट्या संस्थेला ते जमलं, कारण त्यांना तेवढंच काम दिलं होतं आणि त्यासाठी माणसं ठेवली होती.

आपल्याकडेही असे हात तयार झाले होते. पुण्यात हिंजवडीला जेनोव्हा कंपनीनं आपल्याच विभागाच्या पैशांतून देशातली पहिली एमआरएनए लस, कोविडवरची, बनवली. २०२२ च्या जूनअखेरीस तिला आणीबाणीच्या वापराची मान्यता मिळाली. ती कोरडी भुकटी होती, २ ते ८ अंशांत टिकणारी. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांत ठेवावी लागत होती, हे आठवलं की या कामाची किंमत कळते. २ ते ८ अंश म्हणजे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआरचं, म्हणजे लसी ठेवायच्या शीतपेटीचं, तापमान. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघून वहीत नोंद करणाऱ्या फार्मासिस्टला वेगळं काहीच शिकवावं लागलं नसतं. जून २०२३ मध्ये ओमिक्रॉनवरची लस आली, तीही सुईविना टोचायची. पण तोवर साथ ओसरली होती आणि कुणाला लसच नको होती. हैदराबादच्या सीसीएमबीनंही मे २०२२ मध्ये स्वतःचं एमआरएनए तंत्र जाहीर केलं होतं. लसीची मागणी संपली म्हणून ती यंत्रं, ते मिश्रणाचं कसब, ती माणसं यांचं काम संपत नाही. त्यांना दुसरा माल द्यायचा होता. या हातांना मज्जेचा प्रश्न कुणी रीतसर विचारला का, हे मला आपल्याकडून ऐकायचं आहे.

सुरक्षिततेचं बोलल्याशिवाय हे पत्र पुरं करणं मला पटणार नाही. नॅनोकण म्हणजे तीर्थ नव्हे. अमेरिकेतल्या व्हर्व्ह कंपनीनं एप्रिल २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलवरच्या आपल्या जनुक-एडिटरची चाचणी थांबवली. एका रुग्णाच्या यकृताच्या चाचण्या बिघडल्या होत्या, प्लेटलेट उतरले होते, आणि कंपनीनं बोट दाखवलं ते कणाकडे. पुढच्या औषधात त्यांनी एडिटर तोच ठेवून स्निग्ध पदार्थ बदलला. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंटेलिया या दुसऱ्या जनुक-एडिटिंग कंपनीला आपल्या दोन मोठ्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाली आणि काही दिवसांनी तो रुग्ण दगावला. पीईजीविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार होतात, आणि पीईजी आपल्या क्रीमपासून जुलाबाच्या औषधापर्यंत सगळीकडे असतं. जनुकातला बदल तर परत घेता येत नाही.

म्हणून चाचण्या आदिवासी भागात नेताना २०१० विसरू नका. खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्ही लस देणारा प्रकल्प त्या वर्षी थांबवावा लागला. पुढे संसदीय समितीसमोर जे आलं त्यात वसतिगृहाच्या वॉर्डननी आणि मुख्याध्यापकांनी मुलींच्या वतीनं संमतिपत्रांवर केलेल्या सह्या होत्या. खम्मम आमच्या गडचिरोलीपासून फार लांब नाही, माणसं आणि आठवणी दोन्ही इकडे येतात. २०१९ ची जनुकोपचाराची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आपल्याच विभागानं आयसीएमआर आणि औषधांना मान्यता देणाऱ्या सीडीएससीओसोबत काढली आहेत, त्यात दीर्घकाळ पाठपुराव्याचं कलम आहे. तो पाठपुरावा नंदुरबारच्या पाड्यावर कोण करणार, त्याचे पैसे कोणत्या शीर्षाखाली येणार, गोंडी-माडियात संमतिपत्र कोण लिहिणार, हे चाचणीच्या आधी ठरू दे. त्यासाठी दहा वर्षं हाताशी आहेत.

आता मागणं. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केलेल्या बायोई३ धोरणात अचूक जैवोपचार हा एक विषय आहे. त्यात वाहनाला, म्हणजे कणाला, स्वतःचं, निधीचं वेगळं शीर्ष द्या. आज कणाचं संशोधन कुठल्यातरी औषधाच्या प्रकल्पात कोपऱ्यात बसलेलं असतं. औषध गेलं की तेही जातं. देशात एक तरी सरकारी ठिकाण असं हवं की जिथे नागपूरचा, सुरतचा किंवा रांचीचा विद्यार्थी आपला आरएनए पाठवेल आणि महिन्याभरात तपासलेला, मोजलेला कण परत घेईल, फी परवडणारी. भार बदलणारे स्निग्ध रेणू बनवायला आपल्याकडे रसायनशास्त्रज्ञ भरपूर आहेत, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आहे, मुंबईत रासायनिक तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) आहे. त्यांना नवे रेणू करायला लावा, आणि सार्वजनिक पैशातून निघालेल्या प्रत्येक रेणूचा परवाना देताना सरकारी रुग्णालयांसाठीची किंमत करारातच लिहा. उपचार तयार झाल्यावर वाटाघाटीला बसलात तर उशीर झालेला असेल. आणि मज्जेकडे जाणाऱ्या कणाच्या पहिल्या जाहिरातीतच, म्हणजे प्रस्ताव मागवतानाच, एक अट घाला: तो आयएलआरमध्ये टिकला पाहिजे. उणे ७० अंशांत टिकणारा कण करून मग तो गावात कसा न्यायचा याचा विचार करणारे पुष्कळ आहेत.

बिरसा १०१ थांबवा असं मी म्हणत नाही. उलट त्यातला एडिटर हाच पुढच्या गाडीतला माल आहे. माल आपला झाला. गाडी अजून दुसऱ्याची आहे, आणि ती यकृतापर्यंतच जाते.

त्या मुलीनं गेल्या महिन्यात सिनॉप्सिस आणून दिला. आधी तिचा विषय मज्जेकडे जाणारे स्निग्ध नॅनोकण असा होता. आम्ही दोघांनी मिळून साहित्याचं कोटेशन मागवलं. प्रतिपिंड, स्निग्ध पदार्थ आणि एमआरएनए धरून आकडा आला तो आमच्या विभागाच्या वर्षभराच्या केमिकलच्या तरतुदीच्या चौपट होता. तिनं कोटेशनची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, आणि आठ दिवसांनी नवा सिनॉप्सिस आणला. कर्क्युमिन. मी सही केली.

विषय बदलायची मुदत संपायला अजून तीन महिने आहेत.

आपला,
फार्मास्युटिक्सचा एक शिक्षक,
नागपूर